वजनाची वही

नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या, केंद्रात मूल आलं की सगळ्यात आधी त्याचं वजन होतं. चप्पल काढ, काट्यावर उभा राहा, हलू नकोस. मग उंची, मग हिरव्या पुस्तकात नोंद, मग डॉक्टर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा दवाखान्यातला नेहमीचा सोपस्कार वाटतो. पण लहान मुलांच्या एचआयव्हीच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. नऊ किलो नऊशे ग्रॅमचं मूल दहा किलोवर गेलं की त्याचा गट बदलतो आणि गोळ्यांचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. म्हणून अशी मुलं सांभाळणाऱ्या घरात वजनाची एक वही असावीच लागते. या कामात नव्यानं येणाऱ्याच्या हाती मी संस्थेचा वार्षिक अहवाल देत नाही, आधी ही वही देते.

जुन्या वह्यांत आकडे उतरत जातात. सतरा, साडेसोळा, पंधरा, आणि पुढचे रकाने कोरे. साधारण २००७ नंतरच्या पानांवर तेच आकडे चढायला लागतात. अक्षर मुलं सांभाळणाऱ्या त्याच मावशीचं असतं. आईबाप गमावलेल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं घर चालवणं म्हणजे काय, ते या दोन प्रकारच्या पानांत आलं आहे. ही घरं मुलांना मायेनं निरोप देण्यासाठी उभी राहिली. मुलं जगली. आता त्यांना वाढवायचं आहे, शिकवायचं आहे, कमावतं करायचं आहे आणि एक दिवस घराबाहेर पाठवायचं आहे. पहिल्या कामासाठी माया पुरत होती. दुसऱ्याला मायेबरोबर औषधशास्त्र, कायदा, आहार, मानसशास्त्र आणि पैशाचा चोख हिशेब लागतो. हा बदल आपल्याकडच्या पुष्कळ संस्थांच्या आणि त्याहून जास्त दात्यांच्या अजून पचनी पडलेला नाही. हा लेख त्यासाठी आहे.

थोडं मागे जाऊ. भारतात एचआयव्हीचं पहिलं निदान १९८६ साली चेन्नईत झालं. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या देखरेखीखाली गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांमधून ते पुढे आलं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात साथ वाढली तेव्हा तिचा दोष कुणावर तरी टाकायचा म्हणून तो ट्रकड्रायव्हरवर आणि बाजारातल्या बाईवर टाकला गेला. मुंबई-आग्रा रस्ता नाशिक जिल्ह्याला उभा छेदून जातो, मनमाडसारखं जंक्शन इथे आहे, द्राक्षांच्या आणि कांद्याच्या हंगामात माणसं इकडून तिकडे हलतात. त्यामुळे हे बोलणं आपल्याकडे सहज खपलं. घराघरात मात्र वेगळंच घडत होतं. आधी नवरा जाई. त्याच्या आजारपणात जमिनीचा तुकडा जाई. मग ‘हिनंच खाल्ला त्याला’ म्हणून सून घराबाहेर पडे, आणि तिच्या कडेवर मूल असे. दोन-चार वर्षांत तीही जाई. उरलेल्या मुलाला चुलते जवळ करत नसत, आणि साधी अनाथालयं रक्ताचा रिपोर्ट पाहून दार लावून घेत.

अशा वेळी ज्यांनी दार उघडलं ती माणसं एखादी योजना आखून या कामात आली नव्हती. पुण्यात बुधवार पेठेतल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये ‘मानव्य’ सुरू केली. बाधित मुलांसाठीच्या महाराष्ट्रातल्या पहिल्या घरांमध्ये तिची गणना होते. पंढरपुरात मंगलताई शहा यांना २००१ साली दोन लहान मुली गोठ्यात टाकून दिलेल्या आढळल्या. आईबाप एड्सनं गेलेले, नातेवाईक घ्यायला तयार नाहीत, संस्था नाही म्हणालेल्या. मंगलताईंनी त्यांना स्वतःच्या घरी नेलं, आणि ‘पालवी’ तिथून सुरू झाली. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये ‘सेवालय’ उभं केलं. बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांचं ‘इन्फंट इंडिया’ आहे. नगरचं ‘स्नेहालय’ १९८९ पासून लालबत्ती वस्तीतल्या मुलांसाठी झटत होतं, तेही ओघानं या कामात आलं. यातल्या आधीच्यांच्या हाती सुरुवातीला पाठ्यपुस्तक नव्हतं, औषधंही नव्हती. तापानं फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन बसणं, तोंड आलेल्या मुलाला गार दूधभात भरवणं, आणि शेवटी स्मशानात स्वतः जाणं, एवढंच त्यांच्या हातात होतं. त्या पिढीच्या चुकांबद्दल बोलायला पुढे जागा आहे, पण आधी त्यांना नमस्कार करते.

औषध आलं ते असं. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला साडेतीनशे डॉलरांत देऊ केला. तोवर त्याच उपचाराला दहा हजार डॉलरांहून जास्त लागत. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं जास्त प्रादुर्भावाच्या राज्यांत आणि दिल्लीत मोफत एआरटी सुरू केली. मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम २००६ च्या नोव्हेंबरअखेरीस आला. मधल्या अडीच वर्षांत मोठ्यांच्या गोळ्या मोडून, कुटून मुलांना दिल्या जात. अर्धी गोळी म्हणजे नेमकी किती, याचा अंदाज मावशीच्या बोटांवर असे. २०१७ पासून तर निदान झालं की सीडी-फोर या प्रतिकारपेशींच्या आकड्याची वाट न पाहता उपचार सुरू करायचा, हे धोरण झालं. वह्यांतले आकडे चढायला लागले त्यामागे हा क्रम आहे.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगावी अशी एक वैद्यकीय गोष्ट आहे, कारण तिच्या अज्ञानानं मुलांचं आयुष्य बदललेलं मी पाहिलं आहे. बाधित आईच्या पोटी आलेलं प्रत्येक मूल बाधित नसतं. काहीच उपाय केला नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. आईला वेळेवर औषध मिळालं तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं. पण आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाची साधी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तरी तो निकाल बाळाचा की आईचा, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी सहा आठवड्यांच्या वयापासून टाचेच्या रक्ताचे थेंब कागदावर वाळवून विषाणूचीच तपासणी करावी लागते. एका घरात असं एक बाळ तीन वर्षं ‘बाधित’ म्हणून वाढलं. पुन्हा तपासणीची मागणी केल्यावर कळलं की त्याला संसर्ग कधी झालाच नव्हता. ते मूल दत्तक जाऊ शकलं असतं. तीन वर्षांनी ते सोपं राहिलं नाही. प्रवेशाच्या दिवशी जुना रिपोर्ट फायलीला लावून मोकळं होऊ नका, तो कुठल्या वयाचा आणि कुठल्या चाचणीचा आहे ते वाचा.

आता संध्याकाळच्या डोसाबद्दल. दिवसातून दोनदा औषध असेल तर महिन्याचे साठ डोस. उपचार टिकायचा तर पंचाण्णव टक्के तरी पोटात जायला हवेत, असं जुनं गणित. म्हणजे साठातले तीनच चुकले तर चालतं, चौथा चुकला की धोका. मोठ्या झालेल्या मुलांना आता दिवसातून एकच गोळी पुरते, पण तिथे तीसपैकी दोन चुकले की आपण रेषेखाली. हा हिशेब रोज, वर्षानुवर्षं, तीस-चाळीस मुलांसाठी, यात्रेच्या दिवशी, दिवाळीत, वीज गेलेली असताना सांभाळायचा. बाळांना पूर्वी सर्रास दिलं जाणारं लोपिनावीरचं सरबत इतकं कडू की मूल ते उलटून टाकी. मग आधी शेंगदाणा-गुळाच्या लाडवाचा तुकडा, मग औषध, मग पुन्हा तुकडा, ही युक्ती मावशांनी शोधली, आणि पुढे मार्गदर्शक पुस्तिकांत पीनट बटरच्या नावानं तीच वाचायला मिळाली. एफाविरेंझ हे औषध चालू असेल तर ते झोपताना देतात, कारण त्यानं गरगरतं, आणि त्यानं फार स्पष्ट, भीतिदायक स्वप्नं पडू शकतात. रात्री दोन वाजता मूल किंचाळून उठलं तर ते भुताला घाबरलेलं नाही आणि नाटकही करत नाही, हे रात्रपाळीच्या मावशीला कुणीतरी सांगितलेलं असलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी तेवढंच सांगायचं राहून जातं.

याच डोसाची एक हकीगत. आठवीतला मुलगा, तब्येतीनं बरा, अभ्यासात चांगला. त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, अचानक वाढलेला आला. औषध निकामी झालं असावं, दुसऱ्या फळीची औषधं सुरू करावीत, अशी चर्चा झाली. त्या फळीच्या पुढे पर्याय थोडे असतात, म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरले. त्याच आठवड्यात केर काढताना एका मावशीच्या हातून त्याचा कंपासपेटीचा डबा पडला, आणि कर्कटक-कोनमापकाच्या खालून गोळ्या घरंगळल्या. पंचवीस-तीस असतील. तो गोळी गालात धरायचा, ‘आ कर’ म्हटलं की जीभ वर करून दाखवायचा आणि नंतर काढून ठेवायचा. मावशी त्याला ओरडल्या नाहीत. रात्री निजानीज झाल्यावर त्याच्याशेजारी बसून त्यांनी विचारलं, काय रे झालं? बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “मावशी, पुस्तकात एड्सचा धडा आहे. त्यातलं औषध आणि माझं औषध एकच आहे का?”

त्याला तोवर सांगितलं होतं की या ताकदीच्या गोळ्या आहेत. सगळ्यांनी, प्रेमापोटी. जागतिक आरोग्य संघटनेचं २०११ चं मार्गदर्शन सांगतं की शाळकरी वयात, सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, मुलाला त्याच्या समजेनुसार टप्प्याटप्प्यानं त्याची स्थिती सांगावी. समुपदेशक आधी शरीरातले सैनिक आणि झोपवून ठेवलेला जंतू अशा गोष्टीतून सुरुवात करतात, आजाराचं नाव नंतर येतं. माझा अनुभव असा की मूल विचारतं त्याआधी एक वर्ष त्याला संशय आलेला असतो. या क्षेत्रात आमच्या पिढीनं केलेली सगळ्यात मोठी चूक मला विचारली तर मी ‘ताकदीच्या गोळ्या’ हे दोन शब्द सांगेन. त्या मुलाचं औषध बदलावं लागलं नाही. सगळं सांगितल्यावर तो नियमित गोळी घेऊ लागला आणि तीन-चार महिन्यांत त्याचा लोड खाली आला.

सांगायचं कुणाला आणि लपवायचं कुणापासून, यावर या क्षेत्रात खरा मतभेद आहे. एक बाजू म्हणते, पाटीवर आजाराचं नाव नको, शाळेच्या दाखल्यावर संस्थेचा पत्ता आला तरी मूल ओळखलं जातं, आधार कार्डावरचा पत्ताही घात करतो. दुसरी बाजू हासेगावची. २००९ मध्ये तिथल्या मुलांच्या शाळेत बसण्यावरून गावात मोठा विरोध झाला, इतर पालकांनी आपली मुलं घरी ठेवली, आणि ही बातमी राज्यभर गाजली. तरीही ‘सेवालय’नं दडून राहायचं नाकारलं. पुढे अठरा वर्षांवरच्या मुलांसाठी त्यांनी वसाहत उभी केली, तिचं नाव ‘हॅपी इंडियन व्हिलेज’. आद्याक्षरं जुळवून पाहा. त्या नावातलं धैर्य मला मोठं वाटतं. माझं मत मात्र असं, की संस्थेनं खुशाल उघडपणे बोलावं, पण एकेका मुलाचं नाव आणि चेहरा ही त्याची मालमत्ता आहे. वाढदिवसाचा केक घेऊन आलेल्या दात्याला मुलांसोबत फोटो काढू देणं हे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार ओळख उघड करण्यापर्यंत जाऊ शकतं. दाता नाराज होईल म्हणून आपण गप्प बसतो. बसू नये.

कायद्याकडे पाठ फिरवून हे काम करता येत नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की बालगृहाची नोंदणी हवीच, आणि मूल बाल कल्याण समितीच्या आदेशानंच दाखल व्हायला हवं. ‘आम्ही सेवा करतो, आम्हाला कागद कशाला’ असं म्हणणाऱ्या भल्या माणसांना मी २०२२ चा नोव्हेंबर आठवायला सांगते. त्या एका महिन्यात आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दोन आश्रमांमधून एका लहानग्याच्या खुनाची आणि मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली. तपासणीला येणारा अधिकारी कटकट्या वाटतो, पण बंद दाराआड मुलांचं दुसरं कुणी नसतं. दुसरा कायदा खास एचआयव्हीचा, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय स्थिती उघड करायची नाही, शाळेत-नोकरीत भेदभाव नाही, हे त्यातलं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यातली एक तरतूद मात्र मला फार जवळची वाटते. बाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणारं बारा ते अठरा वयाचं समजूतदार भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँकेचं खातं अशा कामांसाठी कायद्यानं सक्षम धरलं आहे. तेरा वर्षांची ताई सात वर्षांच्या भावाला घेऊन दवाखान्यात येते, हे चित्र एआरटी केंद्रांत आम्ही पूर्वीपासून पाहत होतो. कायद्यानं तिला उशिरा का होईना ओळखलं. आईबापांच्या जमिनीवरचा मुलांचा हक्कही या कायद्यानं राखला आहे. मूल दाखल करताना सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला विसरू नका. मूल मोठं होईपर्यंत तो चुलत्याच्या नावावर गेलेला असतो.

आता जे म्हणणार आहे ते घर चालवणाऱ्यांना रुचणार नाही. घर हा पहिला पर्याय नव्हे. सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीनं नातवाला घेऊन येणारी एक आजी होती. पिशवीत नागलीची भाकरी आणि हिरवं पुस्तक. दर वेळी म्हणायची, “याला तुमच्याकडं ठेवून घ्या, मी किती दिस पुरणार?” आम्ही ठेवून घेतलं असतं तर आमचा पट एकानं वाढला असता. त्याऐवजी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. त्या योजनेत आता महिन्याला २,२५० रुपये मिळतात, तेव्हा फार कमी मिळत, आणि तेही हाती यायला कित्येक महिने गेले. तो मुलगा आणखी चार वर्षं आजीजवळ राहिला, स्वतःच्या बोलीत वाढला, आणि ती गेल्यावरच आमच्याकडे आला. येताना त्याला त्याचं गाव माहीत होतं, नदी माहीत होती, कुणाचा कोण ते माहीत होतं. दोन वर्षांचा असताना आलेल्या मुलाला हे आम्ही कितीही केलं तरी देऊ शकत नाही. म्हणून दार उघडण्याआधी आजी, मावशी, मोठी बहीण, कुणी आहे का ते शोधा, आणि त्यांना पैशाचा, औषधाचा, शाळेचा आधार द्या. ज्याला खरंच कुणी नाही त्याच्यासाठी घर.

आणि त्या घरात पैसा कुठे जातो? दात्यांचा ओघ मिठाई, वह्या, ब्लँकेटं यांकडे असतो. पितृपंधरवड्यात तर एका दिवशी तीन घरचं जेवण येतं. मावशीच्या पगारासाठी पैसे देणारा दाता मला वीस वर्षांत फार थोडे वेळा भेटला. मावशी दर आठ महिन्यांनी बदलत असेल तर मुलाला दर आठ महिन्यांनी आई जाण्याचा अनुभव येतो. तिचा पगार, तिची रजा, तिचं प्रशिक्षण हे इथलं सगळ्यात महत्त्वाचं औषध आहे.

राहता राहिला अठरावा वाढदिवस. कायद्यानं मूल त्या दिवशी बालगृहाबाहेर पडतं, बाहेर पडल्यावरच्या आधाराची, म्हणजे अनुरक्षणाची, सोय एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. पालीला आणि हासेगावला बाधित तरुण-तरुणींची लग्नं लावून दिली गेली आहेत. औषधं नियमित असतील आणि डॉक्टरांचा सल्ला पाळला तर अशा जोडप्यांना निरोगी मूल होऊ शकतं, आणि झालंही आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आहे, त्याचं प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवणं हे घराचं काम आहे. पण त्याहून आधी सतराव्या वर्षी मुलानं एकट्यानं बस पकडून एआरटी केंद्रात जावं, रांगेत उभं राहावं, स्वतःचं हिरवं पुस्तक स्वतः सांभाळावं, भाजी आणावी, खोलीचं भाडं किती असतं ते विचारून यावं. संस्थेत वाढलेल्या मुलाला दूध पातेल्यात किती वेळात उतू जातं हे माहीत नसतं. गोळ्या सुटतात त्या बहुधा बाहेर पडल्यावरच्या पहिल्या वर्षात, कारण आठ वाजले म्हणून हाक मारणारं कुणी नसतं. एखादं घर चांगलं की नाही हे मी त्याच्या इमारतीवरून ठरवत नाही. तिथून बाहेर पडलेली मुलं दोन वर्षांनी कुठे आहेत आणि गोळी घेतात का, एवढं विचारते. याचं उत्तर ज्यांच्याकडे नावानिशी तयार असतं, अशा संस्था मी पाहिल्या आहेत, आणि त्या कमी आहेत.

समाजकार्याच्या, परिचर्येच्या विद्यार्थ्यांनो, या क्षेत्राला तुमची गरज आहे. आईकडून बाळाला होणारा संसर्ग कमी होत चालला आहे, म्हणून लहान बाळं पूर्वीइतकी येत नाहीत, आणि जी वाढत आहेत ती पौगंडातली आहेत. त्यांना भरवणाऱ्यापेक्षा त्यांच्याशी बोलणारी, वाद घालणारी, त्यांच्या प्रेमप्रकरणांनी न घाबरणारी तरुण माणसं हवी आहेत. मात्र दोन महिन्यांच्या फील्डवर्कची नोंद पुरी करण्यासाठी येऊ नका. या मुलांना लळा लावून गेलेली माणसं आधीच पुष्कळ आहेत. यायचं तर किमान दोन वर्षांसाठी या, आणि आल्यावर पहिले पंधरा दिवस रात्रपाळी मागून घ्या.